दांतांची व हिरड्यांची निगा

(नभोवाणीवरील भाषण)

"दांत आहेत तर चणे नाहींत, चणे आहेत तर दांत नाहींत" ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. दैवाच्या लहरीपणाविषयीं बोलतांना ती वापरतात. परंतु तिच्या पोटांत एक समजूतहि दडलेली आहे. ती अशी कीं, म्हातारपणीं चणे खाण्यापुरते दांत उरावयाचेच नाहींत. केस पिकतात, दृष्टि मंदावते, त्याप्रमाणें दांतहि पडतात, असें आपण धरून चालतों. आज मला जें सांगावयाचें आहे तें या समजुतीच्या विरुद्ध आहे. दांत केवळ वयामुळें पडत नाहींत. वर्षानुवर्षें सांचत गेलेल्या हयगयीमुळें पडतात. आणि ही हयगय पुष्कळ वेळां दांतांची नसून हिरड्यांची असते.

मी वैद्य नव्हें. मॅट्रिक झालेला एक जुना शाळामास्तर आहें. मेळघाटांतील धारणी तालुक्यांत माझी सारी नोकरी झाली. सकाळची प्रार्थना संपली कीं मुलांना रांगेंत उभें करून नखें, कान व दांत तपासावयाचे, हा माझा शिरस्ता असे. ज्याचे दांत पिवळे दिसत त्याला मी तसाच पाण्याच्या टाकीवर पिटाळीत असें. आरोग्याच्या धड्याला फळ्यावर दाढेचें चित्र काढून तिचे भाग मुलांकडून पाठ म्हणून घेत असें. आणि त्याच वर्षांत माझ्या स्वतःच्या हिरड्यांतून रोज रक्त येत होतें!

खालच्या उजव्या दाढांना ब्रश लागला कीं थुंकी तांबडी होई. यावर मीं काय केलें? ती बाजू घासणेंच सोडून दिलें. दुखऱ्या जागेला धक्का लावूं नये, हें व्यवहारांतलें शहाणपण मीं तोंडांतहि चालविलें. बाकीचे दांत मी इतक्या जोरानें घांशीत असें कीं ब्रशाचे केस पंधरवड्यांत पसरून जात. समोरचे दांत पांढरे दिसत आणि मी निश्चिंत राही. पन्नाशी उलटल्यावर मात्र त्या दाढा हलूं लागल्या. अमरावतीस जाऊन दंतवैद्यांना दाखविलें. त्यांनीं आरसा घालून पाहिलें आणि एकच प्रश्न केला, "गुरुजी, जेथें रक्त येतें तेथें तुम्ही घासतां, कीं ती जागा टाळतां?" मीं खरें तें सांगितलें. ते म्हणाले, "मग या दाढा किडीनें गेल्या नाहींत, तुमच्या दयेनें गेल्या."

त्या दिवशीं दोन आणि पुढें वर्षभरांत आणखी दोन, अशा चार दाढा मीं गमावल्या. त्यांतली एकहि किडलेली नव्हती. काढलेली दाढ हातांत घेऊन पाहिली तों ती धडधाकट. परंतु तिला धरून ठेवणारें हाडच झिजून गेलें होतें. खांब शाबूत आणि पाया खचलेला, असा तो प्रकार होता. माझ्या या चार दाढांचा धडा आपल्या उपयोगीं पडावा, म्हणून हें भाषण.

दांत घासल्यावर कांहीं तासांतच त्यांच्यावर एक पातळ, चिकट थर बसूं लागतो. दुसऱ्या दिवशीं जिभेनें चांचपला तर तो खरखरीत लागतो. हा थर म्हणजे नुसतें उष्टें अन्न नव्हे. ती सूक्ष्म जंतूंची वसाहत आहे. हॉलंडांतील डेल्फ्ट गांवच्या लेव्हेनहुक नांवाच्या कापडाच्या व्यापाऱ्यानें १६८३ सालीं आपल्या दांतांच्या फटींतला पांढरा लगदा स्वतः घडविलेल्या भिंगाखालीं पाहिला आणि त्यांतील असंख्य जिवंत प्राण्यांची वळवळ पाहून तो थक्क झाला. विशेष हें कीं, हा गृहस्थ रोज मिठानें दांत घासून त्यांची निगा राखणारा होता. म्हणजे जंतु घाणेरड्या माणसाच्याच तोंडांत असतात असें नाहीं. ते सर्वांच्याच तोंडांत असतात. प्रश्न इतकाच कीं, आपण त्यांना घर बांधूं देतों कीं रोजच्या रोज उठवून लावतों.

या थरामुळें दोन निरनिराळीं नुकसानें होतात आणि आपण त्यांची गल्लत करतों. पहिलें नुकसान दांताचें. थरांतील जंतु साखर व पिष्ट खातात आणि आम्ल सोडतात. तें आम्ल दांताचें कवच विरघळवितें. बर्लिन येथें काम करणाऱ्या मिलर नांवाच्या शास्त्रज्ञानें १८९० सालच्या आपल्या ग्रंथांत ही उपपत्ति मांडली. दाढेंत किडा शिरतो ही जुनी कल्पना तेव्हांपासून निकालांत निघाली आहे. तरीहि रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेंतले किडे पाडून दाखविणारे लोक बाजाराच्या दिवशीं बसत आणि त्यांच्याभोंवतीं गर्दी जमे. दाढेंत किडा नसतोच, तेव्हां तो पडणार कोठून? कवच हा शरीरांतील सर्वांत कठीण पदार्थ खरा; पण तो एकदां फुटून खळगा पडला कीं पुन्हां भरून येत नाहीं.

पुढें १९४० च्या दशकांत अमेरिकेंतील स्टीफन यांनीं असें दाखविलें कीं, साखर तोंडांत जातांच कांहीं मिनिटांत दांतांवरील आम्लता वाढते आणि ती पूर्ववत् होण्यास सुमारें अर्धा तास किंवा त्याहूनहि अधिक वेळ लागतो. यावरून एक साधें गणित मांडतां येतें. दिवसांतून सहा वेळां साखर घातलेला चहा घेणाऱ्याचे दांत निदान तीन तास आम्लांत बुडालेले असतात. तीच साखर दोन जेवणांच्या वेळीं पोटांत गेली तर हा काळ पुष्कळ कमी होतो. म्हणून साखर किती खाल्ली याइतकेंच ती किती वेळां खाल्ली, हें महत्त्वाचें आहे.

दुसरें नुकसान हिरडीचें. दांत व हिरडी यांच्या सांध्यांत हा थर सांचून राहिला कीं हिरडी सुजते, लालभडक होते आणि जरा स्पर्श होतांच रक्त देते. थर तसाच राहिला तर लाळेंतील क्षारांमुळें तो टणक होतो. त्याला आपण कीटण म्हणतों. मग हिरडी दांतापासून सुटते, फटींत जंतु खोल उतरतात आणि दांताला धरून ठेवणारे तंतु व हाड हळूहळू झिजूं लागतें. या सर्व काळांत ठणका बहुधा लागत नाहीं, हेंच या दुखण्याचें कपट आहे. किडलेली दाढ रात्रभर जागवते, तिची दखल घ्यावीच लागते. हिरडीचें दुखणें मात्र वर्षेंच्या वर्षें मुकाट्यानें काम करितें. रक्त हीच त्याची एकमेव हांक, आणि ती हांक ऐकून मी उलट्या दिशेला पळालों.

या बाबतींत १९६५ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार बोधप्रद वाटतो. डेन्मार्कमधील लो आणि त्यांचे सहकारी यांनीं निरोगी हिरड्यांच्या बारा व्यक्तींना दांत साफ करणें पूर्णपणें बंद करावयास लावलें. दहा ते एकवीस दिवसांत बाराहि जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हां नीट सफाई सुरू करतांच सुमारें आठवड्याभरांत त्या पूर्ववत् झाल्या. औषध नाहीं, पथ्य नाहीं. केवळ थर काढून टाकला इतकेंच. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. हिरडी सुजते ती थर सांचल्यामुळें. आणि आरंभींचें हें दुखणें घरच्या घरीं बरें होऊं शकतें. झिजलेलें हाड मात्र सफाईनें परत येत नाहीं. म्हणून रक्त दिसूं लागण्याचा काळ हाच जागें होण्याचा काळ होय.

आपल्या पूर्वजांना हें मर्म अजिबात ठाऊक नव्हतें असें नाहीं. चरकसंहितेंत दिवसांतून दोन वेळां दंतधावन करावें आणि तें हिरड्यांना इजा न होऊं देतां करावें, असें सांगितलें आहे. सुश्रुतानें काडी बारा अंगुळें लांब, करंगळीएवढी जाड, सरळ व गांठ नसलेली असावी असें म्हटलें आहे; तिचा कुंचला मऊ करावा आणि एकेक दांत वेगळा घासावा, असेंहि तो सांगतो. कडू झाडांत कडुनिंब, तुरटांत खैर, गोडांत मोह आणि तिखटांत करंज, हीं त्याच्या मतें श्रेष्ठ. हीं चारहि झाडें आमच्या मेळघाटच्या परिसरांत आहेत. काडी चावीत सकाळच्या उन्हांत बसलेले आणि सत्तरीतहि भाकरीचा पापुद्रा कडकडून खाणारे कोरकू वृद्ध मीं पाहिले आहेत.

परंतु यावरून काडी आणा आणि ब्रश फेकून द्या, असा निष्कर्ष काढणें भाबडेपणाचें होईल. त्या वृद्धांच्या लहानपणीं गोड म्हणजे मोहाचें फूल आणि सणाचा गूळ; बिस्किटांचे पुडे त्यांनीं पाहिलेहि नव्हते. शिवाय काडी दाढांच्या आंतल्या बाजूला सहजासहजीं पोंचत नाहीं. काडी कीं ब्रश हा वाद गौण आहे. दिवसांतून दोन वेळां, मऊ साधनानें, एकेक दांत, हिरडीला न दुखवितां, हें सूत्र मुख्य होय. सध्यां हें काम मऊ केसांचा लहान तोंडाचा ब्रश सर्वांत चांगलें करतो.

आतां प्रत्यक्ष दिनचर्या सांगतों. ती सकाळीं नव्हे, रात्रीं सुरू होते. झोपेंत लाळ अगदीं कमी सुटते. दिवसा दांतांना धुणारा हा झरा रात्रीं आटतो आणि जंतूंना रान मोकळें मिळतें. म्हणून दोन वेळांपैकीं एकच वेळ साधणार असेल तर ती रात्रीची साधावी.

प्रथम दोन दांतांमधील फटी साफ कराव्या. वऱ्हाडांत जन्मलेले गाडगेबाबा हातांत खराटा घेऊन सारें गांव झाडीत. त्यांच्या खराट्यांतून बोळहि सुटत नसत. ब्रश हा तोंडांतला हमरस्ता झाडतो. बोळांत तो शिरत नाहीं. त्यासाठीं दांतांच्या फटींत घालण्याचा बारीक दोरा औषधांच्या दुकानांत मिळतो. तो फटींतून अलगद खालीं न्यावा, दांताला बिलगवून दोन-तीन वेळां वरखालीं करावा आणि काढावा. फटी रुंद असतील तर बाटली धुण्याच्या ब्रशासारखा इवलासा ब्रश मिळतो, तो अधिक उपयोगी. टांचणीनें किंवा आगकाडीनें दांत कोरणें हें साफ करणें नव्हे. त्यानें हिरडीला जखम होते.

मग ब्रशावर वाटाण्याएवढी पेस्ट घ्यावी. पेस्टमध्यें फ्लोराइड आहे कीं नाहीं हें वेष्टनावर वाचून पाहावें. आपल्या देशांत त्याचें प्रमाण दहा लाख भागांत १००० भागांपर्यंत ठेवतात. फ्लोराइडमुळें आम्लानें विरूं लागलेलें कवच पुन्हां घट्ट होण्यास मदत होते. ब्रशाचे केस अर्धे दांतावर आणि अर्धे हिरडीच्या कडेवर येतील असा तो तिरपा धरावा, आणि जागच्या जागीं लहान लहान हेलकावे द्यावे. एका वेळीं दोनच दांत. जोर इतकाच कीं केस वांकूं नयेत. ब्रश लेखणीसारखा धरला म्हणजे जोर आपोआप कमी होतो. आरंभ रोज एकाच ठिकाणाहून करावा. प्रथम सर्व दांतांच्या बाहेरच्या बाजू, मग आंतल्या, शेवटीं चावण्याच्या. म्हणजे एकहि दांत सुटत नाहीं. एवढ्याला दोन मिनिटें लागतात. एकदां घड्याळ लावून पाहा. आपण आजवर अर्ध्या मिनिटांत उरकीत होतों, असें बहुतेकांना दिसून येईल.

नंतर जीभ मागून पुढें हलक्या हातानें खरडावी. पेस्ट थुंकून टाकावी. परंतु चुळांवर चुळा भरून तोंड धुवूं नये, कारण त्यामुळें दांतांवर राहावयाचें फ्लोराइड वाहून जातें. त्यानंतर पाण्याखेरीज कांहीं घेऊं नये. गोड दूधहि नको. सकाळीं असेंच एकदां घासावें. आंबट कांहीं खाल्लें-प्यालें असेल तर मात्र घासण्यापूर्वीं अर्धा-पाऊण तास जाऊं द्यावा, कारण आम्लानें मऊ झालेलें कवच लगेच घासल्यास झिजतें. तीन महिन्यांनीं, किंवा केस पसरले तर त्यापूर्वींच, ब्रश बदलावा.

रक्त येत असेल तेथें ब्रश टाळूं नये. तेथेंच अधिक हळुवारपणें व अधिक नियमितपणें फिरवावा. पहिले कांहीं दिवस रक्त येईल, मग कमी होत जाईल. दोन आठवड्यांनंतरहि तें थांबलें नाहीं तर दंतवैद्य गांठावा, कारण टणक झालेलें कीटण ब्रशानें निघत नाहीं. घरांत मधुमेही माणूस असेल तर ही दक्षता दुप्पट हवी. मधुमेहामुळें हिरड्यांचें दुखणें बळावतें आणि हिरड्यांच्या दुखण्यामुळें रक्तांतील साखर आवरणें अवघड जातें. कीटण काढल्यानें दांत सैल होतात, हा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. आधींच सैल झालेल्या दांतांना कीटणाचा खोटा आधार असतो. तो काढल्यावर खरी स्थिति दिसूं लागते, इतकेंच. दुखत नसलें तरी वर्षांतून एकदां दांत दाखवावे.

आतां मुलांविषयीं. दुधाचे दांत पडावयाचेच आहेत, मग त्यांची काळजी कशाला, असें आईबाप म्हणतात. हे वीस दांत खालून येणाऱ्या दांतांची जागा राखून ठेवतात. ते अकालीं गेले तर पुढचे वेडेवांकडे येतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दांतांच्या पाठीमागें एक नवी दाढ येते. तिच्या जागीं कोणताहि दांत पडलेला नसल्यामुळें तिला दुधाची समजून तिची हेळसांड होते. वस्तुतः ती कायमची असते. मूल सात-आठ वर्षांचें होईपर्यंत रात्रीं मोठ्या माणसानें स्वतः त्याचे दांत घासून द्यावे. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे, त्यापुढें वाटाण्याएवढी. दुधाची बाटली तोंडांत देऊन मूल झोपवूं नये.

फ्लोराइडसंबंधीं एक सावधगिरी सांगितली पाहिजे. तें पेस्टमध्यें हितकर असलें तरी पिण्याच्या पाण्यांत लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षां अधिक असूं नये. आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याच्या कांहीं भागांत विहिरींच्या पाण्यांत तें अधिक असल्यानें दांतांवर तपकिरी डाग पडतात. असे डाग घासून जात नाहींत. तेथें मुलाला रागावण्याऐवजीं पाणी तपासून घ्यावें.

शेवटीं, कांहीं सवयी सोडावयाच्या आहेत. राखुंडी, कोळसा, विटेची पूड यांनीं दांत पांढरे दिसतात, कारण त्यांचें कवच खरवडलें जातें. मशेरी ही तर भाजलेली तंबाखूच. १९९२ सालीं केंद्र सरकारनें दंतमंजनांत व पेस्टमध्यें तंबाखू घालण्यास मनाई केली. परंतु घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मशेरीला कायदा काय करणार? तंबाखूमुळें हिरडींतील रक्तवाहिन्या आकसतात. दुखणें वाढत असतांहि रक्त कमी येतें, म्हणजे जी एक हांक ऐकूं यावयाची तीहि दबून जाते. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यावर बंदी आली, तरी आमच्या विदर्भांत सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा घरोघरीं पोंचला आहे. आणि केवळ सुपारी निरुपद्रवी असेंहि समजूं नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत सुपारीलाहि कर्करोगकारक ठरविलें आहे.

माझा एक जुना विद्यार्थी बहिणीच्या लग्नाचें आमंत्रण घेऊन घरीं आला होता. तीस वर्षांच्या आंतला, कष्टाळू मुलगा. जेवायला बसविला, तर झुणक्याचा घांस लागतांच त्याच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें. "गुरुजी, तिखट सोसत नाहीं," म्हणाला. मीं तोंड उघडावयास सांगितलें. निरोगी माणसाच्या तोंडांत तीन बोटें उभीं मावतात, त्याच्या तोंडांत दोनहि मावेनात. आठ वर्षें तो खर्रा खात होता. ज्याचे दांत मी रांगेंत उभा करून तपासले, त्याचें तोंड असें बंद होत चाललेलें पाहून मला घांस गिळवेना. त्यानें खर्रा सोडला, उपचारहि चालू केले. तोंडाची आग थांबली आहे. पण तोंड पूर्वीसारखें उघडत नाहीं आणि वेळोवेळीं तपासणी करून घेणें त्याच्या नशिबीं कायमचें आलें आहे. तोंडांत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत बरा न होणारा व्रण, तिखटानें होणारी आग किंवा कमी उघडणारा जबडा, यांपैकीं कांहींहि आढळल्यास एक दिवसहि दवडूं नये.

शाळेंत मी मुलांचे दांत पाहत असें ते पांढरे आहेत कीं पिवळे, एवढ्यासाठीं. आतां पुन्हां रांग उभी करावयाची झाली, तर मी हिरड्या पाहीन आणि विचारीन, "रक्त येतें का? कोठें येतें? तेथें घासतोस ना?" हाच प्रश्न आज रात्रीं आरशापुढें उभें राहून प्रत्येकानें स्वतःला विचारावा आणि घरांतील मुलांना व वृद्धांनाहि विचारावा. दिवसाचीं चार-पांच मिनिटें एवढाच याचा खर्च आहे. चणे मिळणें न मिळणें दैवाच्या हातीं असेल. पण ते मिळतील तेव्हां तोंडांत दांत असावे, एवढी तजवीज पुष्कळ अंशीं आपल्याच हातीं आहे.